थांबलेल्या काळजासाठी बर्फ

आई, ऑपरेशन थिएटरात तू नेमकं काय करतेस हे मला पहिल्यांदा कळलं ते आपल्या भोसरीच्या खोलीत, दुपारच्या भाकऱ्या चालल्या असताना. तुझी बोटं सुन्न होती, भाकरीची कड फाटत होती. मी वैतागून म्हणाले, "बर्फात हात घालायला दुसरं कुणी नाही का तिथं?" "हाईत की. पण मला दुसऱ्याच्या हाताचा भरवसा न्हाई," म्हणालीस, आणि माझ्या लेकीची मूठ मिटून माझ्यासमोर धरलीस. "येवढंच असतं बघ पोराचं काळीज. डाक्टर ते थांबवत्यात, आतलं भोक शिवत्यात, मग परत चालू करत्यात. थांबलेलं असताना गार ठेवलं की त्याला भूक कमी लागती. मग ते टिकतं." त्यासाठी तुझ्या त्या मिठाच्या पाण्याच्या, जंतू मारलेल्या बाटल्या. फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि थोड्या थोड्या वेळाने काढून हलवायच्या, म्हणजे पाण्याचा दगड होत नाही, भुसभुशीत बर्फ होतो. सिस्टर तो वाटीत ओतून घेत, डॉक्टर हृदयाभोवती पसरत. हलवायची एक खेप चुकली तर बर्फाला धार येते, काळजाला ओरखडा पडतो. मी तेव्हा कारखान्यातून सुटले की गेटसभा गाजवत होते, मिळेल ते पुस्तक वाचत होते. या कामाबद्दल एक ओळ कुठे वाचली नव्हती.

मग तुमच्या इस्पितळातल्या चतुर्थ श्रेणी कामगारांचा संप झाला, आणि बोलायला संप समितीने मलाच बोलावलं. तिसरा दिवस. मी टेबलावर उभी राहून सांगते आहे की आज आत एकही पाऊल पडणार नाही, आणि तू बसमधून उतरून सरळ गेटकडे येते आहेस. गर्दीतून कुणीतरी ओरडतं, "ताई, आधी घरचा माणूस आवरा की राव!" हशा पिकतो. मी उडी मारून तुझा दंड धरते.

"आई, माघारी फिर."

"हात सोड. मस्टरवर सही करत न्हाई, पगार मागत न्हाई. चार वर्षांची पोरगी हाय, ओठ निळे पडल्यात, उद्यावर ढकलता येत न्हाई."

"आत दुसऱ्या कुणाला जमणार नाही का?"

"शिकवलंच न्हाई मी कुणाला. चूक माझी हाय, त्या पोरीची न्हाई. आणि बर्फाला तुझं भाषण कळतंय व्हय?"

"गेलीस तर परत आमच्यात येऊ नकोस," हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. तू गेलीस. मी पुन्हा टेबलावर चढले. समितीतला सगळ्यात जुना वॉर्डबॉय जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मावशी एकटीच बाटल्या हलवतीय आत. त्या पोरीचं बरंवाईट झालं तर आपल्या मागण्या आपण कुठल्या तोंडानं मागायच्या?" तिथेच उभ्याउभ्या ठराव झाला, थिएटर संपातून वगळलं, आणि संपातल्याच दोघी जणी तुझ्या हाताखाली शिकायला आत गेल्या. संध्याकाळी बाहेर आलीस तेव्हा तुझी बोटं पांढरी फटक होती. "चालू झालं," एवढंच म्हणालीस, आणि त्या दोघींना बजावलंस, "उद्या येताना लोकरीचे हातमोजे आणा गं."

दुसऱ्या दिवशी मागणीपत्रात मी स्वतःच्या हाताने नवं कलम घातलं: लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला दर पाळीत बर्फ सांभाळणारी दोन शिकवलेली माणसं, आणि त्या फ्रीजरला जनरेटर. इस्पितळाचे साहेब म्हणाले, हा काय पगाराचा प्रश्न आहे? मी म्हणाले, ज्या हातांवर मूल जगतं त्या हातांचा प्रश्न आहे. ते कलम मान्य होईपर्यंत आम्ही गेटवरून उठलो नाही, आणि आजही कुठे असं काम एकाच माणसाच्या भरवशावर सोडलेलं दिसलं तर ते बदलेपर्यंत मी तिथून उठणार नाही.

उद्या चाकणच्या कामगारांपुढे मला हीच गोष्ट सांगायची आहे. इतकी वर्षं मी ती अशी सांगत आले: आम्ही थिएटर संपातून वगळलं, म्हणून माझी आई आत गेली. टाळ्या पडतात. खरं तर तू आधी गेलीस, ठराव मागाहून झाला, आणि तुला अडवणारा हात माझा होता. उद्या हे असंच सांगणार आहे. तू आता या जगात नाहीस, हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही. तेच हातात धरून वाचेन. जन्मात कधी कागद बघून बोलले नाही, आई. पण न बघता बोलले, तर तेवढा भाग मी पुन्हा गाळेन.