डाळीतली बडीशेप आणि माझं मंत्रिमंडळ

हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
एप्रिलअखेर, पारा त्रेचाळीसवर

ती. पद्माताईस, आधी तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि मग तुला, धाकट्या अपर्णाचा नमस्कार.

कॉन्व्हेंटमधून घरी येताना आपण सायकलरिक्षात नागरिकशास्त्र पाठ करायचो, आठवतं? तू प्रश्न विचारायचीस आणि मी तुझ्या डब्यातली उरलेली पोळी खायचे. मंत्रिमंडळ कोणाला जबाबदार असतं, असं तू विचारलंस आणि मी भरल्या तोंडाने "मदर सुपीरियरला" म्हणाले. रिक्षावालाही हसला. (त्याला खरं उत्तर येत होतं, असं मला अजून वाटतं.) इंदूरला तुम्ही दोघं कशी आहात? भावजींचा खोकला थांबला का? इथे सगळे खुशाल आहेत, फक्त माझं सरकार आजारी आहे.

आपलं महिला मंडळ लीलाताईंनी तीस वर्षं दरबारासारखं चालवलं, हे तुला ठाऊक आहेच. (घराणं सरदारांचं, त्यांनी भुवई उचलली की ठराव मंजूर.) जानेवारीत मी उभी राहिले आणि म्हणाले, जिच्याकडे बहुमत तिने राज्य करावं, पण प्रत्येक सभेत उत्तरही द्यावं. भाषण इतकं रंगलं की बायकांनी मलाच निवडून दिलं. अठरा विरुद्ध सोळा. मग मी मंत्रिमंडळ केलं: सतरंज्यांचं खातं, गाण्यांचं खातं, आणि नैवेद्याचं खातं आमच्या अंतराला. (सुनेला मंत्री केलं म्हणून घराणेशाहीचा आरडाओरडा झाला. मी म्हटलं, ग्वाल्हेरात बसून हा आक्षेप शोभत नाही.) लीलाताई विरोधी पक्षनेत्या. आणि चहाआधी पंधरा मिनिटं प्रश्नोत्तराचा तास. (पंधरा मिनिटांचा तास फक्त सरकारच भरवू शकतं.)

तीन महिने बरे गेले. मग आलं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. मंडळाची रीत अशी की कैरीची डाळ पाच जणींनी मिळून पाट्यावर वाटायची. मी जाहीर केलं की यंदा सगळी डाळ मी एकटी वाटणार. (लीलाताईंनीही कधी एकटीने वाटली नव्हती. आता तुला कारण कळलं.) अर्ध्या किलोवरच खांदा धरला. अंतरा बँकेत गेलेली, घरात कोणी नाही. मी गुपचूप किला गेटच्या एका हलवायाला फोन केला, आणि त्याने आयुष्यात प्रथमच आंबेडाळ केली. गुळगुळीत वाटलेली, वर भरपूर बडीशेप. "माताजी, हमने अपनी तरफ से स्वाद बढ़ा दिया," म्हणाला. बायका पानं घेऊन बसलेल्या, मी काय करणार? वाढली.

पुढच्या सभेत लीलाताईंचा पहिलाच प्रश्न: डाळीत बडीशेप कोणी घातली? ताई, मला सरळ सांगता आलं असतं. पण खुर्चीत बसलं की जीभ वेगळीच चालते. मी म्हणाले, "संबंधित खात्याकडून माहिती मागवली आहे." बत्तीस डोकी एकदम अंतराकडे वळली. तिचं माहेर मुरारचं, हिंदी बोलणारं. तेव्हा बडीशेप तिचीच, हे ठरून गेलं. कोणी तरी पुटपुटलंही, "इन लोगों को क्या पता." तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, उभी राहिली आणि म्हणाली, "गलती मेरी है." राजीनामा दिला. मी तो स्वीकारला! त्या दिवसापासून ती चहा समोर ठेवते आणि निघून जाते.

पाचव्या दिवशी मी लीलाताईंकडे जाऊन सगळं कबूल केलं आणि राजीनामा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "त्या हलवायाची मिठाई आमच्याकडे चाळीस वर्षं येते. पहिल्या घासालाच ओळखली. मी वाट बघत होते, तू कधी बोलतेस त्याची. आता राजीनामा देऊन पळायचं नाही. सगळ्यांसमोर बोल आणि सगळ्यांसमोर पड," म्हणाल्या आणि अविश्वासाचा ठराव हातावर ठेवला. रविवारी पाच वाजता मतदान.

बाकी विशेष नाही. खरबुजं यंदा फार गोड आहेत. चार दिवस येऊन जा.

तुझी
अपर्णा

ता. क. : शनिवारीच ये. तुझी खोली खालच्या मजल्यावर केली आहे, जिना नाही.

ता. क. २ : तू आजीव सभासद आहेस, तुला मत आहे. सरकार वाचवायला बोलावते आहे असं समजू नकोस. पाडायला बोलावते आहे. माझ्या पक्षाच्या बायकांना मी खरं सांगून टाकलं, तर म्हणाल्या, डाळ काय, दगड वाढलेस तरी मत तुलाच. अंतराही आठवड्यात एकच वाक्य बोलली: "वोट तो मैं आपको ही दूंगी, आई." असं बहुमत असल्यावर जाब विचारायचा कोणी? मी स्वतः माझ्याविरुद्ध मत देणार, म्हणजे सतरा-सतरा. अठरावं तुझं.

ता. क. ३ : मला ऐनवेळी रडू आलं, तर मंडळाच्या वस्तूंचं वाटप तू कर. कपाटाची किल्ली लीलाताईंना. घंटा त्यांच्या सुनेला, गरिमाला; तिला वाजवायची फार हौस आहे. गौरीचा पाळणा जिच्या घरात मांजर नाही तिला. आणि सभेचं इतिवृत्त अंतराच्या हातात दे, दुसऱ्या कोणाच्या नाही. "दोष : नैवेद्य खातं" या ओळीवर मी रेघ मारून खाली माझं नाव लिहिलं आहे. रेघ एकच मारली आहे, बारीक. आधी काय लिहिलं होतं, ते वाचता आलं पाहिजे.