तेवढं लिहून द्या

आबा, मी बी.ए. झाले. तुम्ही असता तर रुळावरच्या तुमच्या सगळ्या गँगला काम थांबवून सांगितलं असतंत. पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने.

मला हायस्कुलात घालायला तुम्ही आणलंत, तो दिवस अजून दिसतो. तुमच्या धोतराला रुळाखालच्या स्लीपरांच्या डांबराचा वास येतोय. हेडमास्तर हसत विचारतात, "पोरीला शिकवून काय स्टेशनमास्तर करायचीय?" तुम्ही हसत नाही. "न्हाई म्हना सायेब, पन तेवढं लिवून द्या." स्वतःला अक्षर येत नसलेला माणूस लिहून मागत होता! हेडमास्तरांनी टाक उचलला, खाली ठेवला, आणि मला वर्गात बसवलं. नकार लिहायला कुणाचा हात धजत नाही, असं मी तेव्हापासून धरून चालले होते.

यंदा त्याच शाळेने आमच्या शेजारणीच्या मुलीला परत पाठवलं. मुलगी सातवीची फायनल चांगल्या मार्कांनी पास. बाप सोलापूरकडचा, इथल्या नव्या कारखान्यात हंगामी. "बाहेरची माणसं, आज आहेत, उद्या नाहीत," असं शाळा चालवणाऱ्या संस्थेचे चिटणीस म्हणाले. मी तुमच्यासारखीच ताठ उभी राहून म्हटलं, "मग तसं लिहून द्या." त्यांनी कारकुनाला हाक मारली. टाईप करून, सही-शिक्का मारून दिलं, आबा. वर चहा विचारला.

तो कागद घेऊन मी पुण्याच्या कचेरीत गेले. शाळांविरुद्धच्या तक्रारी पाहणारे तिथले साहेब भले गृहस्थ होते. सगळं वाचून म्हणाले, "शाळेचं चुकलंच आहे, बाई. तसं मी लिहीनही."

"मग तिला जागा मिळेल?"

"जागा देणं संस्थेच्या हातात. संस्थेशी माझा काही संबंध नाही. म्हणून तर तुम्ही माझ्याकडे आलात ना?"

मी आभार मानून बाहेर पडले. बी.ए. होऊनही.

आज त्यांचा लखोटा आला. शेजारीण भाकरी टाकायची सोडून, पिठाच्या हातांनीच धावत आली. मी मोठ्याने वाचलं, "आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे." पुढची ओळ वाचायच्या आत ती ओरडली, "घेतली दखल? आवं मग झालंच की!" त्यांच्या गावी पाटलाने दखल घेतली की तंटा त्याच दिवशी मिटतो. दखल घेऊनही सगळं जिथल्या तिथे राहतं, हे तिला कसं ठाऊक असणार? ती घराघरांतून गूळ वाटत सुटली. मुलगी माझी जुनी पुस्तकं मागायला आली. मी दिली.

दुसरी ओळ अशी आहे: "प्रवेशाचा निर्णय संस्थेच्या अधिकारातील असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे." ती उद्या वाचून दाखवायची. मग पोरगी आईबरोबर वीटभट्टीवर जाईल. वर अर्ज करायला जागा नाही. मी विचारून आले.

हे कुठे पाठवायचं, आबा? पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दिलं असतंत, आणि त्याने शेवट वाचला असता. शेजारणीने माझ्याही हातावर गूळ ठेवला. मी खाल्ला. गोड लागला.