दूरची सोयरीक

प्रिय कासाहुन,

तुझी बहीण तिरुनेश काल दुपारी आली होती. कॉफी पिऊन झाली, आणि आई आत जाताच रडायला लागली. ज्या लष्करावर तुम्ही फुलं उधळलीत, तेच आता तुम्हाला शोधत फिरतंय म्हणे. मी हसले नाही. पण हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू?

शेतकऱ्यांना जमीन द्या म्हणून ओरडत आपण अदिस अबाबाचा तो चढ चढत होतो, तेव्हा माझा बूट फाटला. तू म्हणालास, "राजकन्ये, पालखी मागवू का?" सगळे हसले, मीही हसले. बाबांच्या चुलतभावाने राजघराण्यातली मुलगी केली, एवढीच आमची सोयरीक! राजवाडा मी एकदाच पाहिला, सणाला, तोही मागच्या अंगणातून. भिकाऱ्यांच्या पंगतीशेजारी बसवून आम्हाला इंजेराची भाकरी वाढली होती. बाबा तर शाळेत भूगोल शिकवायचे. हे सगळं तू आमच्याच घरी जेवताना ऐकलं होतंस.

लष्कराने बादशहांना गादीवरून उतरवलं आणि विद्यापीठातल्या सभेत तुझ्यावरच कुणीतरी मवाळपणाचा ठपका ठेवला. तू ताडकन उठलास. "मला काय विचारता? आपल्यात राजरक्त बसलंय, ते बघा!" मला वाटलं, पुन्हा थट्टा. मी हसत मान वर केली, तर कुणीच हसत नव्हतं. माझं शिक्षण सुटलं, ते सोड. पण त्याच आठवड्यात सैनिक बाबांना न्यायला आले. बाबा म्हणाले, "अहो, मी मुलांना नद्या शिकवतो." त्यातला एक म्हणाला, "मग चल, पोहायला नेतो." मी तुरुंगात डबा पोचवत राहिले. एके दिवशी पहारेकऱ्याने तो भरलेलाच परत केला. "उद्यापासून आणू नकोस, पोरी." प्रेतही मिळालं नाही.

तिरुनेश म्हणाली, "राजघराण्याच्या नातलगांकडे कासाहुनला कोण शोधणार?" हे डोकं तुझंच. अजून शाबूत आहे म्हणायचं.

तर ये. तेवढं कळवायलाच लिहितेय; वाचून जाळून टाक. आई तयार आहे. सभेत कोण बोललं, हे तिला मी कधीच सांगितलेलं नाही. मागच्या खोलीत बाबांच्या खाटेवर झोप. थंडी वाजली तर त्यांचा कोट खुंटीला आहे. आई पोटभर वाढेल, डोक्यावरून हात फिरवेल, ते निमूट सोस. फक्त तिच्याकडे माफी मागू नकोस. ती देऊन टाकेल, आणि मला ते बघवणार नाही.

एके काळी तुझीच असलेली,
सेनाइत