तीन बिल्डिंगा, चार राऊटर

१४ सप्टेंबर, रविवार
रिटायर होऊन अडीच महिने. सव्वीस वर्षं चाकणच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सला काढली, एक दिवस खुर्चीत बसलो नाही. आता सगळे म्हणतात, उद्धवराव, बसा निवांत. कसं बसायचं? ढुंगणाला सवयच नाही.

काम मात्र चालून आलं. सायलीचा इंटरव्ह्यू, १ ऑक्टोबर, सकाळी ११, ऑनलाइन. बेंगळुरूची कंपनी. वर्षभरात पोरीला आलेला हा पहिला कॉल. काळजीने वाळून चाललीय. आमच्या सी बिल्डिंगमध्ये तिच्या सिमला रेंज नाही. (माझ्या सिमला फुल. निवड माझी.) जयमाला म्हणाली, अहो, नेटची एक लाइन घेऊन टाका ना. बायको म्हणून ऐकून घेतलं. मेंटेनन्सचा माणूस लाइन विकत घेणार? सोसायटीची लाइन ए बिल्डिंगच्या ऑफिसात आहे. ए वरून बी, बी वरून सी. जुन्या राऊटरवर तिन्ही बिल्डिंगा कव्हर करतो. कमिटीची परवानगी आहे. म्हणजे कोणी नाही म्हणालं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार
काळेवाडीहून पिंपरी कॅम्पात, चांदभाईच्या रिपेअरिंगच्या दुकानात. दोन जुने राऊटर त्याच्याकडून. एक सायलीच्या कॉलेजच्या वेळचा, माळ्यावरचा. एक सोसायटीचा. झाले चार.
चांदभाईने न विचारता सल्ला दिला. म्हणाला, उद्धवभाऊ, या डब्यातून त्या डब्यात हवेतून नेट न्याल तर दर टप्प्याला निम्मं होईल, आणि हे डबे तर म्हातारे. गच्चीवरून केबल ओढा. मी म्हटलं, केबल काय, कोणीही ओढेल. हसला. केबल खपवायची असणार. चहा मात्र फक्कड पाजला.

२० सप्टेंबर, शनिवार
सकाळी ९. नं. १ ए च्या ऑफिसात. २ आणि ३ बी बिल्डिंगमध्ये दुर्गाबाईंच्या गॅलरीत, एक ए कडे तोंड करून, एक सी कडे. ४ आमच्या हॉलमध्ये. बी ची लिफ्ट बंद. सतरा फेऱ्या झाल्या. गुडघा बस म्हणतोय, मी त्याचं ऐकत नाही.
दुपारी ४. नं. ४ चे चारपैकी तीन दिवे लागले. नेट नाही. येईल.
संध्याकाळी ६. दुर्गाबाईंनी मिक्सर लावायला माझा प्लग काढला होता. शेंगदाण्याची चटणी म्हणे! प्लगवर चिठ्ठी चिकटवली: काढू नये.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
नं. ३ ची अँटेना मोडकी. तिच्यामागे जयमालाची पुरणाची स्टीलची चाळण बांधली, सिग्नल पुढे फेकायला. जयमाला चाळण शोधतेय. मला काय माहीत, म्हटलं.
संध्याकाळी सायलीने माझा फोन मागितला. काहीतरी सेटिंग करते म्हणाली. पाच मिनिटांत परत दिला.
७ वाजता फत्ते! तिच्या लॅपटॉपवर नेट! व्हिडिओ एकदाही अडकला नाही. कसं चाललंय विचारलं, तर मस्त चाललंय पप्पा, म्हणाली. मान वर न करता. आजकालची मुलं तोंडावर कौतुक करत नाहीत.

२५ सप्टेंबर, गुरुवार
निरीक्षण. मी घरात असलो की नेट उत्तम. भाजीला गेलो की जातं. परत आलो की येतं. आज तीनदा पडताळलं. प्लांटमध्येही हेच. मी शेडमध्ये पाय ठेवला की बंद पडलेली लाइन सुरू व्हायची. मशीनला माणूस कळतो. जयमालाला हे समजावून सांगितलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली.
तक्रार. फोन कंपनी चोर आहे. दुपारी दोनलाच मेसेज, आजचा डेटा संपला. अरे, मी दिवसभर स्वतःच्या वायफायवर! कस्टमर केअरच्या मुलीला चांगलंच झापलं.

२८ सप्टेंबर, रविवार
प्लग पुन्हा काढलेला. या वेळी इस्त्री. दुर्गाबाई म्हणाल्या, अहो भाऊ, शुक्रवारीच काढलाय. मी चाट पडलो. दोन दिवस बी बंद, आणि आमच्याकडे नेट सुसाट! म्हणजे सिग्नल ए वरून थेट सी वर उडी मारतोय. सेटिंग इतकी जबरदस्त बसेल असं मलाही वाटलं नव्हतं.

३० सप्टेंबर, मंगळवार
सायलीने विचारलं, पप्पा, उद्या ११ ते १२ घरातच बसाल ना? एका जागी? तीनदा विचारलं. पोर घाबरलीय, बाप जवळ हवाय. डोळे भरून आले. बसतो म्हणालो. शब्द दिला.
पण उद्या खंडेनवमी. प्लांटमध्ये पान्ह्यापासून लेथपर्यंत सगळ्यांची पूजा मीच करायचो. मशीन बंद, हत्यार चालवायचं नाही. आता माझं हत्यार म्हणजे हे राऊटर. बिनपूजेचे कामाला लावले आणि ऐन वेळी दगा दिला तर? ठरलं. ९ ला बंद, पूजा, १०.३० ला चालू. तेवढं देव समजून घेईल.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
सकाळी ९. चारही बंद. सायलीने माझा फोन काढून घेऊन टीपॉयवर ठेवला. सारखा वाजतो म्हणे.
१०.१५. हळदकुंकू, झेंडूचे हार. नं. १ समोर नारळ फोडला. पाणी आत गेलं. थोडंसंच.
१०.४०. नं. १ चालू होईना. केबलच्या भोकांत कुंकू. टूथब्रशने काढतोय.
१०.५५. धावत घरी आलो. सायली इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर. आणि नेट चालू! चारही राऊटर बंद, तरी नेट चालू! आता कळलं. इतक्या दिवसांचा सिग्नल भिंतींनी धरून ठेवलाय. उन्हात तापलेली भिंत संध्याकाळी गरम लागते, तसंच. चांदभाईला सांगायला हवं.
११.१०. इंटरव्ह्यू सुरू झाला. छान बोलतेय. मी खुर्चीत.
११.१८. भिंतीतला सिग्नल पुरणार किती वेळ? नं. १ कडे कोणीतरी बघायला हवं. शिवाय हार घातलेल्या राऊटरचा फोटो प्लांटच्या ग्रुपवर टाकायचा राहिलाय. फोन टीपॉयवरच आहे. घेतो. पाच मिनिटांत परत.

दुपारी २. इंटरव्ह्यू ११.२१ ला तुटला. मी तेव्हा ए च्या जिन्यात होतो. फोन खिशात.
सायली रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. जयमालाने सांगितलं. घटस्थापनेपासून पोरीचं नेट माझ्या फोनवरून चाललंय. माझे डबे एक दिवसही चालले नाहीत. पप्पांना वाईट वाटेल म्हणून सायली बोलली नाही आणि आईलाही बोलू दिलं नाही.
म्हणजे तो डेटा. म्हणजे ती भाजी. म्हणजे दुर्गाबाईंची इस्त्री.
लाज वाटली. लिहून ठेवतोय, खोडणार नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
सायलीने मेल केला होता. कंपनी म्हणाली, ८ तारखेला ११ ला उरलेला घेऊ. चांदभाईला बोलावलं. केबल ओढून देतो म्हणाला, पण माणूस बारा तारखेनंतर मिळेल. गॅलरीतली चाळण त्यानेच सोडली. हसला नाही. त्याचंच जास्त लागलं.

८ ऑक्टोबर, बुधवार
सायलीला म्हणालो, फोन टीपॉयवर ठेव, मी खाली कट्ट्यावर जाऊन बसतो. ती म्हणाली, नको पप्पा, टीपॉयवरचा फोन कोणीही उचलतं. तुम्हीच धरून बसा.
बसलो. ११ ते ११.४६. नाकावर माशी बसली. बसू दिली. दुर्गाबाईंनी दोनदा बेल वाजवली. जयमालाने बघितलं.
आतून सायलीचं हसणं ऐकू आलं. मग बाहेर येऊन म्हणाली, छान झाला, शुक्रवारी कळवतील. उठा आता पप्पा.
उठता येईना. दोन्ही पाय बधिर झाले होते.