सही देतो, बेलभंडारा नाही

घाटनांदूर,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप गहिनीनाथमामा (लग्नापासून सासरेही झालात, पण जिभेवर मामाच येतं),

भाच्याचा आणि जावयाचा, असे दोन नमस्कार एकदमच घ्या. मामींचे गुडघे कसे आहेत? नवी म्हैस आता लाथ मारत नाही असं बबिता म्हणाली, ऐकून बरं वाटलं. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणता, आणि मला मुद्द्यावर यायला जरा वेळ लागणार आहे.

आमच्या दूध संकलन केंद्रावर सकाळचं दूध गेल्यावर आणि संध्याकाळचं यायच्या आधी एक वेळ असते. दूध गार करणारी टाकी घुमत असते, धुतलेले कॅन उन्हात पालथे पडलेले असतात आणि मी उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघत असतो (यासाठीच पगार मिळतो असं हाताखालच्यांचं मत आहे). हल्ली स्वप्न एकच. बीडला आपल्या गच्चीवर बबिता आणि मी चहा घेतोय. चहा संपत नाही आणि सोमवार उजाडतच नाही. तीन वर्षं झाली, तिची शाळेतली नोकरी बीडला, माझं केंद्र इथं, आणि संसार फक्त रविवारचा. म्हणूनच मुख्य कार्यालयानं 'नवी घडी' नावाची योजना पाठवली तेव्हा मी हुरळून गेलो. केंद्रावरच्या सातही जणांनी दर आठवड्याला एकमेकांची कामं आलटून पालटून करायची, आणि तीही मनापासून. हे जमवलंस तर बीडला बदली, असा शब्द मिळाला होता.

संमतीचे छापील कागद आले. सातही जणांनी चहा निवायच्या आत सह्या केल्या (शहादेव ड्रायव्हरनं दोनदा केली, पेन गुळगुळीत चालत होता म्हणून). पंधरा दिवस झाले तरी आपली जागा कुणी सोडली नाही. विचारलं की 'हो साहेब', आणि पुन्हा आपापल्या जागी. वरून मोठ्या साहेबांचा फोन आला, सह्या नकोत, मन पाहिजे. आता मन कुठल्या रकान्यात भरायचं? टाकीच्या घुमण्यात डुलकी लागता लागता मला सुचलं, बेलभंडारा! कागदावर आपली माणसं काहीही लिहून देतील, पण ताटातला बेल आणि हळद उचलून दिलेला शब्द मोडायची कुणाची टाप नाही. गावची निवडणूक त्यावर फिरते, तर योजना का नाही फिरणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताट फिरवलं. पहिली छबुबाई, एकोणीस वर्षं कॅन धुणारी. तिनं हात पदराखाली घेतला. "साहेब, सह्या म्हनाल तितक्या करते. पर ह्याला शिवून खोटं न्हाई बोलनार. मी त्या हनुमानच्या फॅट मशीनवर बसले तर कॅन त्यो धुईल. वास मारला तर नाव कुनाचं जाईल?" शहादेव म्हणाला, त्याचा सासरा इथंच दूध घालतो. "तुमचं दूध पातळ हाय, असं त्यांच्या तोंडावर सांगू? बायकू नांदंल का माझी?" फॅट तपासणारा हनुमान लाजत म्हणाला, गाडी चालवायला ना नाही, पण वळण आलं की डोळे आपोआप मिटतात. मामा, तीन वर्षांत पहिल्यांदा ही माणसं माझ्याशी खरं बोलत होती, आणि मी वेड्यासारखा खूश होऊन ऐकत होतो. तेवढ्यात छबुबाईनं ताट माझ्याकडे सरकवलं. "आधी तुमी उचला. आमची घडी मोडून तुमी इथं ऱ्हानार हाव का?" माझा हात काही पुढे गेला नाही. दुधाची गाडी आल्यासारखं वाटतंय, असं पुटपुटून मी बाहेर गेलो. गाडी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच नवी घडी बसवून आणली. छबुबाई आधी हनुमानला धुणं शिकवणार, मग मशीनला हात लावणार. सोयऱ्याच्या दुधाचा फॅट कुणी सांगायचा नाही. आणि हनुमानला गाडी नाही म्हणजे नाही. सातही जणांनी बेल उचलला. आज कॅन हनुमान धुतोय (छबुबाई वास घेतेय). मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली, बदलीचा कागदही आला. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा
उत्तरेश्वर

ता. क. बदलीचा कागद मी परत पाठवला. सात जणांनी बेल उचलला तो एका अटीवर, आठवा मी. अजून दोन दिवाळ्या इथंच राहायचं कबूल केलंय. हे बबिताला तुम्ही सांगावं, एवढ्यासाठीच हे पत्र. तुमच्यावर ती ओरडत नाही.

ता. क. दुसरा. सांगताना 'सगळ्यांनी गळ घातली, पोराचा नाइलाज झाला' असं सांगा. खरं तुमच्यापुरतं ठेवा. त्यांनी मला विचार करायला आठ दिवस दिले होते. मी ताट खालीसुद्धा ठेवू दिलं नाही.