बब्बीची ओवाळणी

छत्रपती संभाजीनगर, ८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. करुणाताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण मिक्सर. आमच्या घरात त्याची हुकूमशाही आली आहे. भाकरी, वरण, मेथी, सगळं तुझी भावजय सरिता त्यात घालते आणि जे करड्या रंगाचं बाहेर येतं त्याला मी जेवण म्हणतो. परवा शहागंजातून आणलेला नान-खलिया, रोटी आणि मटणाच्या रश्श्यासकट, तिनं फिरवला. त्याची अब्रू गेलेली या डोळ्यांनी पाहिली.

जबड्याची जखम भरतेय. भेटायला येणारा प्रत्येकजण हळूच विचारतो, गुटखा किती वर्षं खात होतात? कधी सुपारीही न खाल्लेला मी सांगत बसतो, की अक्कलदाढेभोवती पाण्याची गाठ होती, दुखत नव्हती म्हणून राहू दिली, आणि काढली तेव्हा तिच्यातच कॅन्सर निघाला. असं फार क्वचित होतं म्हणे. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. गुटखा असता तर बिचाऱ्याला धीर आला असता.

फोन करू नकोस. खालचा ओठ बधिर आहे, समोरचा सारखा काय, काय करतो. लोभ असू दे, मिक्सरमध्ये घालू नकोस.

तुझा,
राजेंद्र


अजिंठा, १२ नोव्हेंबर

चि. राजेंद्रास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं, ते तुझ्या नावावर. इथं शेजारच्या साळूबाईनं विचारलंच, भावाला तंबाखू लई होती का? म्हणलं, नाय बाई, जीभ लई होती.

भाऊबीजेला तू दवाखान्यात, म्हणून मी चंद्राला ओवाळलं. ओवाळणी राहिलीय. साडी नको, तुझी निवड मला ठाऊक आहे. माय गेल्यापासून मला बब्बी म्हणणारा तू एकटा. इथं मी कुणाची काकू, कुणाची आजी. एकदा फोनवर तशी हाक मार. मी ‘काय, काय’ म्हणणार नाय.

सरिताला जप. आशीर्वाद हायेतच.

तुझी ताई


छत्रपती संभाजीनगर, १७ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

ब म्हणायला दोन्ही ओठ लागतात. माझा खालचा कामावर येत नाही. आरशासमोर तालीम केली. निघतं ते तुझं नाव नव्हे. येत्या सोमवारपासून रेडिएशनचे शेक सुरू होणार, त्यानं तोंड आणखी सोलवटेल. ओवाळणीचं पुढच्या दिवाळीला बघू.

राजेंद्र


अजिंठा, १९ नोव्हेंबर

चि. राजेंद्रास, आशीर्वाद.

पुढच्या दिवाळीची पुढच्या दिवाळीला घेईन. ही या दिवाळीची आहे. जे निघतं ते दे.

ताई


छत्रपती संभाजीनगर, २४ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

काल सरिता भाजीला गेली तेव्हा फोन लावला. तोंडातून निघालं ते वव्वी. मी पुन्हा म्हणायला गेलो, तोवर तू ओ दिलीस, माय अंगणातून हाक मारायची तेव्हा द्यायचीस तशी, लांबवून. मागून तुझ्याकडच्या गायीनंही ओ दिली.

आज पहिला शेक झाला. दुखलं नाही. ओवाळणी पोचली असं धरतो.

तुझा,
राजेंद्र