कंदुरीचं आवतन

४ मे, रविवार
कादरभाईच्या दुकानात मटण आठशे रुपये किलो. वर चरबीच जास्त, नळी एकच. मी शांतपणे विचारलं. (आवाज थोडा चढला असेल.) तो म्हणाला, परवडत नसंल तर वांगे घे, त्यात हाडच न्हाई. काउंटरवर हात आपटून निघून आलो. पिशवी तिथंच राहिली. पैसे दिलेले होते.
निश्चय: आजपासून मटण विकत घेणं बंद. वाचलेल्या पैशातून पुनमला चांदीचे पैंजण. तिच्याशी अजून तसं बोलणं झालेलं न्हाई, पण ती ओळखून आहे.

५ मे
आयडिया सुचली. कंदुरी! उन्हाळ्यात गोरेगावात लोक नवस फेडतात, दर्ग्यावर बोकड कापतात, गावाला जेवू घालतात. आपण फक्त आवतनाला जायचं. कॉलेज सोडलं म्हणजे डोकं सोडलं असं न्हाई. आई म्हणाली, तुला बोलावतील का पण?

८ मे, गुरुवार
सटवाजीमामाची कंदुरी. वाढप्यानं माझ्या ताटात नुसता रस्सा ओतला. बोलाचाली झाली. ताट तसंच ठेवून उठलो. स्वाभिमान म्हणून काही असतं. घरी पिठलं.

११ मे
हरिचंदच्या घरची कंदुरी. आवतन न्हाई. मामानं गावभर सांगितलेलं दिसतं. वास थेट घरात येऊन राहिला. आईनं खिडकी लावली.

१३ मे
पुनमच्या घरी कंदुरी! तिचे वडील संतरामकाका स्वतः आले. म्हणाले, बोकड आणायचाय, तुझी गाडी काढ. गावात एवढ्या गाड्या, मग माझीच काहून? आई म्हणाली, पेट्रोल तूच टाकतो म्हणून. तिला यातलं कळत न्हाई.
नवस कशाचा ते विचारलं न्हाई. काकांचा गुडघा दुखत होता, तोच असणार.

१४ मे
मागं काका, त्यांच्या मांडीवर बोकड. रस्ताभर माझ्या कानात ओरडला. शर्ट धुवावा लागला. दारात पुनमनं पाणी आणलं. आधी बोकडाला दिलं. पण हसली माझ्याकडं बघून.

१५ मे, सकाळ
आज कुणावरच चिडायचं न्हाई. जावयासारखं राहायचं.

१५ मे, संध्याकाळ
लाकडं फोडली, कांदे चिरले, पंगती वाढल्या. पुनमची आई, रूपाबाईकाकू म्हणाल्या, "तुझ्यावाणी राबणारं लेकरू गावात न्हाई." भरून आलं. मग म्हणाल्या, त्या फेटेवाल्या पाव्हण्याला नळ्या वाढ. नळ्या संपलेल्या. मी माझ्यासाठी दोन बाजूला ठेवल्या होत्या, त्या वाढल्या. आग्रह करून. चिडलो न्हाई.
शेवटच्या पंगतीला सटवाजीमामाशेजारी बसलो. सहज विचारलं, तो फेटेवाला कोण?
मामा म्हणाले, "पुनमचा सासरा. पोरीची सोयरीक जमली की कंदुरी देईन, असा नवस व्हता संतरामचा. तू बोकड आणला अन् तुलाच ठाऊक न्हाई?"
काका समोरून चालले होते. गुडघा धरून.
रस्सा चांगला झाला होता. दोनदा घेतला.

१८ मे, रविवार
कादरभाईकडून अर्धा किलो आणलं. आठशे चाळीस झालंय. वाद घातला न्हाई. त्यानं आपणहून एक नळी जास्त टाकली. त्यालाही कळलेलं दिसतं.
दुपारी संतरामकाका आले. लग्न तीस तारखेला, पत्रिका वाटायच्या आहेत, गाडी काढशील का म्हणाले. मी स्पष्टच सांगणार होतो. पण मागं पुनम उभी होती.
पेट्रोल टाकून आणलंय.